परवानगीनंतरचं घर

आमच्या गावात घर बांधायचं ठरलं की माणूस आधी वास्तुशास्त्रवाल्याकडे जातो, मग गवंड्याकडे, आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडे येतो. तोवर जिना कुठे, देवघर कुठे, बोअर कुठे मारायचं हे ठरलेलं असतं. पायाखणणीचा मुहूर्तही निघालेला असतो. माझ्याकडे यायचं ते "तेवढं परवानगीचं बघा" म्हणून. मी परवानाधारक अभियंता आहे. नगरपरिषदेच्या हद्दीतल्या घरांचे नकाशे काढून, त्यांवर सही करून ते मंजुरीला घालायचं हे माझं काम. सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात, नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून मी ते करते आहे. गावाचं नाव लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यावर काहीजणांना राग यावा असं बरंच आहे, आणि मला उद्याही त्याच टेबलावर फाईल घेऊन जायचं आहे.

आमची नगरपरिषद ब वर्गातली, म्हणजे ४०,००० ते १ लाख लोकवस्तीची. एवढ्या गावात बांधकाम खातं म्हणजे एक अभियंता, एक लिपिक आणि नकाशांच्या गुंडाळ्यांनी भरलेली लोखंडी कपाटं. त्याच अभियंत्याच्या गळ्यात रस्ते, गटारं आणि पावसाळ्यात पडझडीचे पंचनामे. हा माणूस गावभर उभ्या राहणाऱ्या भिंती मोजत फिरेल ही अपेक्षाच चुकीची. त्यामुळे छाननी होते ती कागदाची, आणि कागद मंजूर झाला की ती संपते. इतक्या वर्षांच्या कामातून मला सांगायचं आहे ते एवढंच. परवानगीसाठी आमच्याकडे रांग लागते. पण घर मंजूर नकाशाप्रमाणे झालं का, हे बघायला कुणी येत नाही आणि मालकही कुणाला बोलावत नाही.

परवानगीच्याही आधीचा नकाशा म्हणजे गावाचा विकास आराखडा. कुठे वस्ती, कुठे शेती, कुठे बाजार, कुठून रस्ता, कुठे बाग हे त्यात ठरतं. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाप्रमाणे हा आराखडा वीस वर्षांतून एकदा तरी नव्याने तपासायचा असतो. आधी आहे त्या जमीनवापराचा नकाशा होतो, मग प्रारूप आराखडा, मग हरकती-सूचनांसाठी ३० दिवस, मग नियोजन समितीपुढे सुनावणी, आणि शेवटी शासनाची मंजुरी. हा क्रम तोंडपाठ आहे, कारण त्या ३० दिवसांत अर्धा गाव माझ्या टेबलाशी असतो.

मागच्या वेळी प्रारूप नकाशा नगरपरिषदेच्या सभागृहात लावला होता. पिवळा रंग राहण्यासाठी, हिरवा शेतीसाठी, आरक्षणांना नंबर आणि हद्द. लोक येत, चष्मा पुसत, बोट फिरवत आपला गट नंबर शोधत. सापडला की एकच प्रश्न : "मॅडम, आमच्यावर काय पडलंय?" आरक्षण हे आमच्याकडे वीज पडावी तसं पडतं. काही पडलं नसेल तर माणूस हसून निघून जाई. शेजारच्या गटावर काय आलं, आपल्या गल्लीचा रस्ता किती रुंदीचा धरला, शाळेला जागा ठेवली की नाही, याकडे वळून बघणारे थोडेच.

मी बघत होते ओढा. गावाच्या पूर्वेला एक ओढा आहे. उन्हाळ्यात त्यात बाभळी आणि प्लास्टिकच्या पिशव्या, पण पावसाळ्यात कृष्णा फुगली की नदीचं पाणी त्यातूनच उलटं गावात चढतं. आमच्याकडे पूर घाटावरून येत नाही, ओढ्यातून येतो. प्रारूप नकाशात तो एका बारीक निळ्या रेघेएवढा होता आणि दोन्ही काठांना पिवळा रंग अगदी रेघेला भिडलेला. जागेवर त्याचं पात्र चांगलं तीस फूट रुंद. मी हरकत घातली, फोटो जोडले, मोजणीचा नकाशा जोडला. समितीत नगरपरिषदेचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जाणकार असतात. माझ्या आधी एका गल्लीतल्या बारा मीटरच्या रस्त्यावरून चांगलीच हमरीतुमरी झाली. रस्ता या भावाच्या बांधावरून न्यायचा की त्या, हा वाद. माझी वेळ आली तेव्हा सगळे जेवणाकडे डोळे लावून होते. "ओढ्याचा मालक कोण?" एकाने विचारलं. "शासन," मी म्हणाले. "मग शासनाची हरकत आली का?" आली नव्हती. मंजूर आराखड्यात ओढ्याची रेघ थोडी जाड झाली, एवढं यश मिळालं. काठावरचे प्लॉट मात्र आधीच रेखांकन मंजूर झालेले होते, ते तसेच राहिले.

आरक्षणांची गोष्ट वेगळीच. नकाशात बाग, क्रीडांगण, भाजी मंडई लिहायला पैसे लागत नाहीत. जमीन घ्यायला लागतात. कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण गळून पडतं. आमच्या गावात इतर कुठलं कलम कुणाला माहीत नसेल, पण एकशे सत्तावीस भाजीवाल्यालाही माहीत आहे.

आमच्या भागातल्या एका तात्यांच्या वीस गुंठ्यांवर बागेचं आरक्षण होतं. ती जमीन ना विकता येई, ना तिच्यावर घर बांधता येई. मुलीच्या लग्नाला कर्ज काढावं लागलं तेव्हा ते म्हणाले, "बाई, माझ्या नावावर सोनं हाय आन् मी उसनं मागतोय." त्यांची नोटीस मीच लिहून दिली. सर्वसाधारण सभेत जमीन घेण्याचा ठराव झाला, टाळ्याही वाजल्या, पण अंदाजपत्रकात त्या ठरावासाठी रुपया नव्हता. मुदत संपली, आरक्षण गेलं. आज तिथे गाळे आहेत, खाली मोबाईलची दुकानं आणि वर कोचिंग क्लास. तात्यांना त्यांचा पैसा मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण त्या भागातली पोरं रस्त्यावर क्रिकेट खेळतात. तिथेच राहणाऱ्या माझ्या बहिणीने मला वर्षभर ऐकवलं, "तू बाग घालवलीस." बाग नकाशात होती, जमिनीवर कधीच नव्हती, हे मी तिला सांगून दमले.

बांधकामाचे नियम पूर्वी गावागणिक वेगळे. शेजारच्या नगरपरिषदेतला नकाशा आमच्याकडे चालत नसे. मग एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. २ डिसेंबर २०२० ला तिला मंजुरी मिळाली. मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं सोडली तर सगळ्या राज्याला एकच पुस्तक. हे चांगलं झालं, यात शंका नाही. पण त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत ठळक बातमी होती ती एका तरतुदीची : दीड हजार चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडाला परवानगीची गरज नाही. आमच्या गावात बहुतेक प्लॉट तेवढेच. दुसऱ्या दिवशी एक भाऊ फाईल परत न्यायला आले. "आता तुमची गरज न्हाई, सरकारनंच सांगितलंय."

तरतूद तशी नव्हती. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला मंजुरीची वाट बघत बसायला नको, एवढंच तिचं म्हणणं. नियमात बसणारा नकाशा, माझ्यासारख्याची सही असलेला दाखला आणि शुल्काची पावती लागतेच. पावती हीच परवानगी. १५० ते ३०० चौरस मीटरला दहा दिवसांत मंजुरी. म्हणजे छाननीतला सरकारचा हात काढून घेऊन ती जबाबदारी मालकावर आणि माझ्यावर टाकली. लोकांनी मात्र "परवानगी नको" एवढंच ऐकलं. त्यानंतरच्या दोनेक वर्षांत गावात जी घरं उठली त्यातल्या अनेकांचा कागद कुठेच नाही. आजही माझ्याकडे लोक येतात आणि म्हणतात, "आमचा प्लॉट लहान हाय, आम्हाला नियम न्हाई."

मोठ्या प्लॉटांच्या फाईली आता ऑनलाइन जातात. संगणक नकाशा वाचतो. एखाद्या लेयरचं नाव चुकलं, जिन्याच्या पायरीची रेघ जोडली गेली नाही, की नकाशा परत. संगणक फार कडक आहे. पाच सेंटिमीटर कमी पडलेलं अंतर तो सोडत नाही. फक्त त्याने साईट कधी पाहिलेली नाही.

दोन चुलत भावांचं सांगते. लागून प्लॉट, लागून घरं, नकाशे दोन्ही माझेच. बाजूला दीड-दीड मीटर मोकळी जागा, दोघांची मिळून दहा फुटांची बोळ. कागदावर देखणं दिसत होतं. थोरल्याचा स्लॅब पडायच्या आदल्या दिवशी त्याच्या बायकोच्या मनात आलं की स्वयंपाकघराला गॅलरी हवी. सेंट्रिंगवाल्याने फळ्या तीन फूट पुढे सरकवल्या. कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता, कारण जोत्यानंतर तिकडे कुणी फिरकलंच नव्हतं. पहिल्या पावसात गॅलरीच्या पागोळ्या धाकट्याच्या भिंतीवर पडल्या. धाकट्याने भांडण केलं नाही, त्याने आपलाही सज्जा पुढे काढला, वर पत्रा टाकला आणि खाली मोरी बांधली. दोन वर्षांत त्या बोळीत आडवं होऊन चालावं लागू लागलं.

मग एका मे महिन्यात थोरल्याची सेप्टिक टाकी भरली. टाकी बोळीत, नकाशात दाखवल्याप्रमाणे. टँकरवाला पाईप घेऊन आत शिरला तर धाकट्याच्या मोरीचा कठडा टाकीच्या झाकणावर अर्धा चढलेला. झाकण उघडेना. मला बोलावलं. दोघंही भाऊ बोळीच्या तोंडाशी उभे, दोघांच्या नाकाला रुमाल. "मॅडम, तुमच्या नकाशात टाकी इथंच का दाखवली?" थोरल्याने मला विचारलं. शेवटी मोरीचा कठडा फोडला. दीड मीटर म्हणजे पाच फूट. शिडी लावता येते, टाकी उपसता येते, खिडकीतून वारा येतो, आग लागली तर माणूस बाहेर पडू शकतो. हे आकडे हवेतून आलेले नाहीत, असं मी प्रत्येकाला सांगते. प्रत्येकजण मान हलवतो आणि विचारतो, "पण सोडलं न्हाई तर काय हुतंय?" खरं उत्तर असं की नगरपरिषदेकडून बहुधा काहीच होत नाही. कलम ५३ ची नोटीस येते ती तक्रार झाली तर, आणि शेजारी तक्रार करत नाही, कारण त्यानेही जागा सोडलेली नसते.

बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींचं हे असं, तर आत गाडल्या जाणाऱ्या गोष्टींचं काय होत असेल? आमच्या मागे कोयनेचा डोंगर आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप आठवणारी माणसं अजून गावात आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर मातीत रचलेल्या दगडी भिंतींची धास्ती सगळ्यांनीच घेतली आणि जो तो आरसीसीकडे वळला. कॉलम-बीम असले की घर पडत नाही, हा समज तेव्हापासूनचा. कॉलम कसा भरला हे कुणी विचारत नाही.

कॉलममध्ये उभ्या सळयांभोवती रिंगा असतात. भूकंपरोधक बांधकामाचं भारतीय मानक, आयएस १३९२०, सांगतं की रिंगेची टोकं १३५ अंशांत आत वळवायची आणि वळणापुढे किमान ६५ मिलिमीटर सळई ठेवायची. हादरे बसले की कॉलमचं वरचं काँक्रीट गळतं. त्या वेळी टोक आत रुतलेलं असेल तर रिंग सळयांना धरून ठेवते. टोक काटकोनात नुसतं मुडपलेलं असेल तर रिंग उघडते आणि सळया बाहेर फुगतात. आमचे फिटर काटकोनात मुडपतात, कारण ते पटकन होतं आणि रिंग वरून सरकवायला सोपी जाते.

एका साईटवर मी फिटरला थांबवलं. चांगला कारागीर, वडीलही हेच काम करायचे. तो म्हणाला, "मॅडम, रिंग बंद झाली म्हंजे झाली की." मी त्याला दोन्ही तऱ्हेच्या रिंगा एकाच सांगाड्यावर बांधायला लावल्या आणि पहार मागवली. काटकोनातल्या रिंगेत पहारीचं टोक घालून रेटलं तर दुसऱ्याच हिसक्याला तोंड उघडलं. दुसऱ्या रिंगेची टोकं उभ्या सळईला आतून आकडा घालून बसली होती. त्याने स्वतः पहारीवर अंगाचा भार टाकला, सळई वाकली पण रिंग सुटली नाही. तो काही बोलला नाही. त्या घराच्या सगळ्या रिंगा मात्र तशाच वळल्या, आणि पुढच्या साईटवर मालकाकडून रिंगेमागे जादा मजुरी मागून घेतली. मालकाने मला फोन केला, "मॅडम, हे काय नवीन काढलंय?" मी म्हणाले, नवीन नाही, तुमच्या फाईलीत लिहिलेलंच आहे. फाईलीत असतंच. रचनेच्या मजबुतीचा दाखला प्रत्येक फाईलीला जोडलेला असतो, सही-शिक्क्यासह. तो दाखला आणि तो कॉलम यांची भेट कधी होत नाही.

पुराचं तर विचारू नका. नदीकाठच्या गावांत जलसंपदा विभागाने दोन रेषा आखल्या आहेत. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळीच्या आत नवं बांधकाम करायचं नाही. दोन रेषांच्या मध्ये करता येतं, पण आजच्या नियमावलीप्रमाणे जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट, वर हवं. लोक मला विचारतात, "२००५ ला आला, २०१९ ला आला, २०२१ ला आला. ह्यातला शंभर वर्षांचा कुठला?" सांगलीच्या आयर्विन पुलाखाली ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं होतं. त्यानंतर शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. धरणांचे विसर्ग, अलमट्टी, पूररेषा यांवर वर्षभर चर्चा झाली. आमच्या ओढ्यावर मात्र त्या काळातही एक भिंत उठलीच.

२००५ च्या पुरानंतर गावातल्या एका गुरुजींचं घर मी काढलं होतं. प्लॉट दोन रेषांच्या मधला. रस्त्यापासून जोतं एवढं वर जात होतं की भराव घालायचा तर ट्रकच्या ट्रक मुरूम लागला असता आणि तो शेजारच्या पाण्याची वाट अडवून बसला असता. म्हणून मी खाली नुसते खांब आणि वर घर असा नकाशा केला. खाली गाडी लावायची, पूर आला तर पाणी खांबांमधून निघून जाईल. मंजूर झालं. पातळी मी लेव्हल लावून आणली, गवंड्याने पाण्याच्या पारदर्शक नळीने ती प्रत्येक खांबावर उतरवली आणि निळ्या खडूने रेघ मारली. जोत्यापर्यंत सगळं अगदी कागदाबरहुकूम झालं.

वास्तुशांतीनंतर सहा महिन्यांनी खांबांमध्ये विटांच्या भिंती आल्या. दोन खोल्या, पुढे शटर. "जागा वाया जात हुती," गुरुजी म्हणाले. साखर कारखान्यात काम करणारं एक कुटुंब भाड्याने आलं. सोबत आवारही भरावाने उंच करून घेतलं आणि भोवती पक्की भिंत घातली. २०१९ ला पाणी आलं तेव्हा गुरुजींचं वरचं घर कोरडं राहिलं. खालच्या कुटुंबाचं धान्य, पोरांची दप्तरं, शिलाई मशीन सगळं गेलं. पलीकडे एका काकूंचं जुनं पत्र्याचं घर आहे. नदी उतरली तरी त्यांच्या अंगणातलं पाणी हललं नाही, कारण ते ज्या वाटेने पूर्वी उतरायचं तिथे आता गुरुजींची भिंत होती. काकू माझ्याकडे आल्या. "नकाशा तू काढलास ना गं?" मी त्यांना मंजूर नकाशा उलगडून दाखवला, त्यात खांबांमधली जागा मोकळी होती. त्यांनी तो नीट पाहिला आणि म्हणाल्या, "मग हे मोकळं कुणी बघायचं असतं?"

ते बघण्यासाठी कायद्यात एक कागद आहे, भोगवटा प्रमाणपत्र. काम पूर्ण झालं की मी तसा दाखला द्यायचा, नगरपरिषदेने जागेवर येऊन बघायचं आणि मगच घर वापरायला घ्यायचं. आमच्या गावात माझ्या हातून जेवढ्या घरांचे नकाशे मंजूर झाले त्यांतल्या फारच थोड्यांनी भोगवटा घेतला. मी आठवण केली की उत्तर ठरलेलं : "मॅडम, पाणी आलं, लाईट आली, घरपट्टी लागली. आता आणि कशाला?" म्हणणं खोटं नाही. घरपट्टी लावायला घर असलं की पुरतं, ते अधिकृत असावं लागत नाही. घरपट्टीच्या पावतीवर मिळालेला शिक्का लोकांना मंजुरीच वाटतो, जरी तसं नसल्याचं त्याच पावतीवर खाली बारीक अक्षरात छापलेलं असलं तरी.

भोगवट्याची आठवण होते ती दहा-बारा वर्षांनी, घर विकायचं किंवा पोराला त्यावर कर्ज काढायचं झालं की. बँक कागद मागते. तेव्हा माणूस माझ्याकडे येतो, आणि मी मंजूर नकाशा घेऊन त्याच्या घरी जाते, तर नकाशातलं घर तिथे नसतं. मागे एक खोली वाढलेली, जिना बाहेर आलेला, गच्चीवर पत्रा. मग दंड, तडजोड शुल्क, सुधारित नकाशा. २०१७ मध्ये कलम ५२-क खाली ३१ डिसेंबर २०१५ पूर्वीची अनधिकृत बांधकामं दंड भरून नियमित करायची सोय झाली. गुंठेवारीचंही तसंच. तुकडेबंदी कायदा १९४७ पासून आहे, तरी शंभराच्या स्टँपवर गुंठा-गुंठा विकला गेला. २००१ च्या कायद्याने १ जानेवारी २००१ पूर्वीचे असे प्लॉट नियमित करायचं ठरलं, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ती तारीख ३१ डिसेंबर २०२० वर नेली. या सोयी झाल्या नसत्या तर हजारो गरीब कुटुंबं कायमची बेकायदेशीर राहिली असती, हे मला मान्य आहे. गुंठेवारीत घर घेतलेली माणसं माझ्याकडे येतात तेव्हा मीच त्यांचे अर्ज भरते. पण एक ग्राहक माझ्यासमोर बसून म्हणाले, "मी नियमानं पाच फूट सोडले. शेजाऱ्यानं बांधून घेतलं आणि दंड भरला. त्याची एक खोली जास्त झाली. शहाणं कोण?" मी त्यांना चहा मागवला. उत्तर माझ्याकडे नव्हतं.

नियम जास्त आहेत असं लोक म्हणतात, कमी आहेत असं तज्ज्ञ म्हणतात. माझ्या मते आहेत तेवढे पुरे आहेत, ते फक्त चुकीच्या वेळी तपासले जातात. नकाशा तपासायला जो वेळ जातो त्याचा चौथा हिस्सा जरी जोतं झाल्यावर, पहिल्या स्लॅबच्या आधी आणि राहायला जाण्याच्या आधी साईटवर गेला तर चुलत भावांची बोळ वाचते आणि गुरुजींचे खांब मोकळे राहतात. मार्च आला की घरपट्टी वसुलीसाठी आमची नगरपरिषद ध्वनिक्षेपक लावून गल्लोगल्ली फिरते. तेच पथक, तीच रिक्षा, भोगवट्याच्या शिबिरासाठी फिरायला काय हरकत आहे? हे मी एका बैठकीत सुचवलं. सगळ्यांनी चांगली सूचना म्हणून नोंदवून घेतली.

तोवर मी माझ्यापुरती एक सोय केली आहे. माझ्या फीचा शेवटचा हप्ता मी परवानगीच्या वेळी घेत नाही, भोगवटा हातात दिला की घेते, आणि ही अट पहिल्याच भेटीत कागदावर लिहून देते. लोकांना ती फार आवडली, कारण सुरुवातीला पैसे कमी द्यावे लागतात. काहींनी खरोखरच बोलावलं. मी जागेवर गेले, नकाशाप्रमाणे काम होतं तिथे दाखला दिला, नव्हतं तिथे वाढीव सज्जा राहायला जाण्याआधीच कापायला लावला. सज्जा कापताना मालकीणबाई दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हत्या, आता दिवाळीला फराळ पाठवतात. उरलेल्यांकडे तो हप्ता अजून थकलेला आहे. त्यांची यादी मी वहीत ठेवली आहे, आणि एकेका घराच्या पोरांची लग्नं, कर्जं जवळ येत चालली आहेत, त्यामुळे वसुलीची मला चिंता नाही.